भाड्याच्या घरातली चिकटवायची सजावट: रंग न उखडता लावायची आणि काढायची रीत

वॉलपेपर काढताना रंग सुटला की सगळे डिंकाला दोष देतात. बहुतेक वेळा डिंकाने आपलं काम चोख केलेलं असतं, सुटतो तो भिंतीवरचा रंग. भिंतीत विटेवर गिलावा, गिलाव्यावर लांबी म्हणजे पुट्टी, तिच्यावर प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात असे थर असतात. भाडेकरू बदलताना पुष्कळदा जुन्या, पांढरी भुकटी सोडणाऱ्या रंगावरच, प्रायमर न लावता, डिस्टेंपरचा एक हात घाईत मारला जातो. त्या थराने खालच्या थराला धरलेलंच नसतं. त्यावर चिकटवलेलं काहीही ओढलं की सगळ्यांत कमजोर सांधा सुटतो, आणि तो सांधा डिंक आणि रंग यांच्यातला नसतो.

त्यामुळे या लेखात भिंत तपासणं आणि कागद काढणं यांवर जास्त भर आहे. चिकटवण्याचं काम त्यामानाने सोपं आहे.

## टप्पा १: मालकाची परवानगी आणि फोटो

भाडेकरारात ‘भिंतींना खिळे ठोकू नयेत, बदल करू नयेत’ अशा अर्थाचं कलम बहुधा असतं. चिकटवणं त्यात येतं की नाही, याचा वाद घर सोडताना घालण्यात अर्थ नाही. कोणती भिंत, कोणता माल आणि घर सोडताना काढून देणार, एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून मालकांचा होकार आधीच घ्या. तोंडी ‘चालेल’ पुरेसं नाही.

त्याच दिवशी उजेडात भिंतीचे फोटो काढा. एक पूर्ण भिंतीचा घ्या, आणि जिथे आधीच पोपडे, भेगा किंवा ओलीचे डाग असतील त्यांचे जवळून. ते मालकांना पाठवून ठेवा. मालकांकडून रंगाची कंपनी आणि शेडचा नंबरही आत्ताच मागून घ्या. तो शेवटच्या टप्प्यात लागतो आणि तेव्हा कुणाला आठवत नाही.

## टप्पा २: भिंत तपासा

चार चाचण्या आहेत. त्या याच क्रमाने करा, कारण पहिल्या दोन मिनिटाभरात होतात आणि निम्म्या भिंती तिथेच बाद होतात.

हाताची चाचणी. कोरड्या, गडद रंगाच्या फडक्याने भिंत जोर देऊन घासा. पांढरी भुकटी आली तर तो चुना, साधा डिस्टेंपर किंवा पांढरा पडलेला जुना रंग आहे. त्यावर कागद नीट बसतच नाही. डिंकाला भुकटी लागते आणि काही आठवड्यांत पट्टा आपोआप लोंबू लागतो.

पाण्याची चाचणी. बोटाने दोन-तीन थेंब लावा. पाणी लगेच शोषलं जाऊन डाग गडद झाला तर डिस्टेंपर. थेंब ओघळला किंवा तसाच राहिला तर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट, आणि या दोन्हींवर काम होण्याची आशा आहे.

ओलीची चाचणी. साधारण एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि २४ तास थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर तो हवेतला दमटपणा. बाथरूमला पाठ असलेली भिंत, पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची बाहेरची भिंत आणि वरच्या मजल्यावरचं छताजवळचं अंग, ही चाचणी या तिन्ही ठिकाणी करावीच. भिंतीवर लोणा फुटलेला असेल, म्हणजे मिठासारखा पांढरा थर दिसत असेल, तर चाचणीचीही गरज नाही. ती भिंत सोडा. विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा कागद हवा आत-बाहेर होऊ देत नाही, म्हणून आतली ओल कागदामागे अडकते आणि काळी बुरशी धरते.

तुकड्याची चाचणी. जो माल लावणार आहात त्याचाच १० सेंटीमीटर चौरस तुकडा दाराआड, जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि बाहेरच्या भिंतीवर असा तीन जागी चिकटवा. अंगठ्याने घट्ट दाबा. ३ दिवस राहू द्या, मग वरच्या कोपऱ्यातून हळू सोलून काढा.

> तपासा: तुकड्याच्या मागे रंगाची एक खपली जरी आली तरी भिंत नापास. ‘थोडीच तर निघाली’ असं म्हणू नका. या डिंकाची पकड पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते. ३ दिवसांत जी भिंत थोडी सुटते, ती ११ महिन्यांनी पट्ट्यासारखी सुटते.

इथली नेहमीची चूक म्हणजे तुकडा तासाभरात काढून पाहणं. तेव्हा तो प्रत्येक भिंतीवरून सहज निघतो, आणि नेमकी तीच खात्री नंतर महागात पडते.

खरखरीत रोलर फिनिश किंवा टेक्सचर असलेली भिंत वेगळ्या कारणाने नको. डिंक फक्त उंचवट्यांना टेकतो, पकड अर्धवट राहते. ताज्या रंगाची भिंतही नको. वॉलपेपरसाठी रंगानंतर निदान ४ आठवडे आणि छोट्या हुकांसाठी निदान ७ दिवस जाऊ द्या. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का झालेला नसतो.

## टप्पा ३: भिंत नापास झाली तर

तर भिंतीला काहीही चिकटवू नका. घर सजवण्याचे इतर रस्ते आहेत.

सगळ्यांत चांगला उपाय सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या हलक्या, ताठ बोर्डाचा. ८ बाय ४ फुटांचा ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड घ्या, त्यावर वॉलपेपर लावा आणि तो पलंगाच्या किंवा सोफ्याच्या मागे भिंतीला टेकवून उभा करा. पलंग पुढून दाबून धरतो, भिंतीला डिंक लागतच नाही. घर बदललं की बोर्ड सोबत येतो. गणपतीच्या आराशीसाठीही हेच करावं. दहा दिवसांच्या मखरामागे चिकटवलेल्या चमकीच्या कागदाने कित्येक भिंती सोलल्या आहेत.

सनमायका लावलेली कपाटं, फ्रिज, टाइल्स आणि काच हे पृष्ठभाग भिंतीपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत. सगळी हौस तिथे भागवता येते. पॉलिश केलेलं सागवानी दार मात्र टाळा. डिंकाने पॉलिशची चमक जाते आणि ती पुन्हा आणायला सुतारच लागतो.

## टप्पा ४: माल आणि मोजमाप

विकत घेताना मागच्या बाजूला ‘काढता येणारा’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचा. स्वस्त ‘सेल्फ-अॅडहेसिव्ह’ रोल पुष्कळदा कायमच्या डिंकाचे असतात. ते कपाटाच्या आत लावायला ठीक, भिंतीवर नकोत.

हे भिंतीच्या जवळही आणू नका:

- फोमचा दुहेरी टेप आणि पारदर्शक जेल किंवा ‘नॅनो’ टेप. दोन्ही रंगासकट लांबीही उपटतात
- फेविकॉल, फेविक्विक, ग्लू गन
- सेलोटेप. उन्हाने पिवळा पडून त्याचा डिंक भिंतीवर राहतो

आता मोजमाप, कारण सर्वाधिक पैसे इथे वाया जातात. बहुतेक जण चौरस फुटांनी हिशेब करतात आणि माल कमी पडतो. हिशेब पट्ट्यांनी करायचा असतो.

समजा भिंत १० फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे, म्हणजे ३०५ बाय २७४ सेंटीमीटर. रोल ४५ सेंटीमीटर रुंद. ३०५ भागिले ४५ म्हणजे पावणेसात, म्हणजेच ७ पट्टे. प्रत्येक पट्टा वर ५ आणि खाली ५ सेंटीमीटर जास्त ठेवून २८४ सेंटीमीटरचा. १० मीटरच्या रोलमधून असे ३ पट्टे निघतात आणि दीड मीटरच्या आसपास तुकडा उरतो. म्हणजे ३ रोल लागतील. चौरस फुटांच्या हिशेबाने २ रोल पुरेसे वाटले असते. ५ मीटरचा रोल घेतलात तर फरक आणखी बोचतो. एका रोलमधून एकच पूर्ण पट्टा निघतो, म्हणून ७ रोल लागतात, आणि चौरस फुटांचा हिशेब ४ सांगतो.

नक्षी असेल तर पाकिटावरचं नक्षीच्या पुनरावृत्तीचं अंतर बघा. ते ५३ सेंटीमीटर असेल तर प्रत्येक पट्टा ५३ च्या पटीत कापावा लागेल. वरच्या उदाहरणात २८४ ऐवजी ३१८ सेंटीमीटर. सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्या, नाहीतर शेजारच्या पट्ट्यांच्या रंगात छटा पडते.

## टप्पा ५: दिवस निवडा, भिंत पुसा

कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम करू नका. हवा दमट, भिंती थंड, डिंक बसत नाही. पावसाळा संपून भिंती सुकल्यावरचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. विदर्भात अडचण उलटी असते. मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की डिंक मऊ पडून पट्टा घसरतो. तिथे सकाळी लवकर काम करा.

पुसण्याचा क्रम असा:

1. कोरड्या मऊ कुंच्याने छतापासून खाली जाळ्या आणि धूळ काढा.
2. १ लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा अर्धा चमचा घाला. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि भिंत पुसा.
3. साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण पुसून घ्या. साबण राहिला तर त्याचा थरच डिंक आणि भिंत यांच्यात येतो.
4. पूर्ण २४ तास सुकू द्या.

> इशारा: काच पुसायचा स्प्रे किंवा फिनेल भिंतीवर वापरू नका. त्यातले अंश मागे राहतात आणि पकड कमी करतात.

स्विचबोर्डजवळ काम करण्याआधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा मुख्य खटका, बंद करा. कागद बोर्डाच्या प्लेटखाली सारण्याच्या भानगडीत पडू नका, प्लेटच्या कडेपासून २ मिलिमीटर सोडून कापा.

## टप्पा ६: वॉलपेपर लावणं

माणसं दोन हवीत. एकट्याने लावताना लांब पट्टा स्वतःलाच चिकटतो आणि तो सोडवताना ताणला जातो. प्लास्टिकची स्क्वीजी (हवा दाबून काढायची सपाट पट्टी), नवं पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, पेन्सिल आणि ओळंबा एवढं जवळ ठेवा. ओळंबा नसला तर दोऱ्याला किल्ली बांधली तरी चालते. पंखा बंद करा.

1. उभी रेघ. कोपऱ्यापासून ४४ सेंटीमीटरवर ओळंबा सोडून पेन्सिलने हलकी उभी रेघ मारा. कोपऱ्याची कड धरून सुरुवात करू नका, आपल्या घरांचे कोपरे क्वचितच सरळ असतात. पहिला पट्टा तिरका गेला की सातव्यापर्यंत बोटभर तिरकेपणा साचतो. बॉलपेन तर नकोच, शाई विनाइलमधून वर उमटते.

2. पहिला पट्टा. मागचा कागद वरून फक्त १५ ते २० सेंटीमीटर सोला. वर ५ सेंटीमीटर जास्तीचा ठेवून पट्ट्याची कड रेघेला जुळवा. कोपऱ्याकडे उरलेला सेंटीमीटरभर भाग शेजारच्या भिंतीवर जाईल, तो नंतर कापायचा. पूर्ण मागचा कागद एकदम काढणं ही या टप्प्यावरची सगळ्यांत मोठी चूक.

3. खाली उतरत जा. एकाने मागचा कागद हळूहळू खाली ओढायचा, दुसऱ्याने स्क्वीजी मधून कडांकडे फिरवायची. पट्टा ताणू नका. ताणलेलं विनाइल पुढच्या काही दिवसांत आकसून मूळ मापावर येतं आणि दोन पट्ट्यांमध्ये पांढरी फट दिसू लागते.

4. पुढचे पट्टे. आधीच्या कडेवर २ ते ३ मिलिमीटर चढवून लावा, नक्षी डोळ्यांच्या उंचीवर जुळवा. वर जुळवली तर खाली डोळ्यांसमोर फरक दिसतो.

5. कापणं. वर-खाली आणि कोपऱ्यात स्टीलची पट्टी दाबून कटर एकदाच, हलक्या हाताने चालवा. दर तीन-चार कापांनी पातं तोडून नवं करा. बोथट पातं कागद फाडतं आणि जोर दिला की गिलाव्यात चर पाडतं.

फुगा राहिला तर पट्टा तिथपर्यंत उचलून पुन्हा बसवा. वाटाण्याएवढा असेल तर सुईने कडेला टोचून हवा बाहेर दाबा. सुरकुती पडली असेल तर ती दाबून जात नाही, पट्टा उचलावाच लागतो.

> तपासा: २४ तासांनी सगळ्या कडांवरून अंगठा फिरवा. उचललेली कड त्याच दिवशी दाबली तर बसते. आठवड्याने तिच्यात धूळ शिरलेली असते.

## टप्पा ७: हुक आणि फ्रेमच्या पट्ट्या

ओढून सुटणाऱ्या पट्ट्या इमल्शन, ऑइल पेंट, टाइल आणि सनमायकावर चांगल्या काम करतात. डिस्टेंपरवर, वॉलपेपरवर आणि खरखरीत भिंतीवर लावू नका. त्या बहुधा १० ते ४० अंश सेल्सियस तापमानासाठी असतात.

फ्रेम स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. पाकिटावर जेवढं वजन लिहिलं आहे त्याच्या निम्म्यावरच थांबावं, असं आमचं ठाम मत आहे. आरसा किंवा काचेची जड फ्रेम चिकटवून लावू नका, आणि पलंगाच्या उशाशी तर काहीच टांगू नका.

लावायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे रबिंग अल्कोहोलने पुसून सुकू द्या. पट्टी लावून ३० सेकंद दाबा. मग १ तास रिकामी ठेवा. लगेच वजन टांगणं, हे हुक पडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण. आणि खालची न चिकटणारी शेपटी फ्रेममागे झाकली गेली तरी हाताला लागेल अशीच ठेवा.

दिवाळीच्या माळांसाठी भिंतीपेक्षा खिडकीची अॅल्युमिनियम चौकट निवडा. वजन कमी, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि निघतानाही त्रास नाही.

## टप्पा ८: ओटा, टाइल्स आणि काच

फोडणीचा तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही, पण टाइलवर असतोच. धुण्याचा सोडा किंवा भांड्याचा साबण गरम पाण्यात घालून टाइल घासा, सांध्यांसकट रात्रभर सुकू द्या, सकाळी अल्कोहोलने पुसा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे शेगडी आणि सिलिंडरचा रेग्युलेटर दोन्ही बंद असू द्या. अख्खा मोठा कागद लावण्यापेक्षा एकेका टाइलच्या मापाचे तुकडे सांधा सोडून लावा. सांध्यावरून गेलेल्या कागदाखाली हवा राहते, मग तिथे पाणी शिरतं.

शेगडीच्या मागे विनाइल लावू नका. उष्णतेने ते मऊ होतं, आकसतं, डिंक टाइलवर वितळून बसतो, आणि आगीचा धोका वेगळाच. ओट्याच्या ग्रॅनाइटवर संगमरवरी नक्षीचा कागदही नको. एक तापलेला कुकर ठेवला की संपलं.

खिडकीच्या काचेसाठी डिंक नसलेली, नुसत्या स्पर्शाने बसणारी फिल्म घ्या. अर्ध्या लिटर पाण्यात साबणाचे ३-४ थेंब घालून काचेवर फवारा, फिल्म चौकटीपेक्षा चारही बाजूंनी २ मिलिमीटर लहान कापा, बसवून मधून कडांकडे पाणी काढा. ती काढून गुंडाळून पुढच्या घरातही नेता येते.

## टप्पा ९: काढणं

घराची किल्ली द्यायच्या निदान १० दिवस आधी काढायला घ्या. डागडुजी झाली तर लांबी आणि रंग सुकायला वेळ लागतो. सामान बांधायच्या आदल्या रात्री घाईने ओढून काढलेले कागद, डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्याचं मोठं कारण आहे.

1. हेअर ड्रायर मध्यम आचेवर, भिंतीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर धरून वरचा कोपरा २०-३० सेकंद गरम करा. हाताला कोमट लागेल एवढंच. फार तापवलं तर डिंक कागद सोडून भिंतीवर राहतो.
2. कोपरा नखाने उचला. सुरी किंवा कटर घालू नका.
3. पट्टा स्वतःवरच दुमडून, भिंतीला लगटून खाली ओढा. भिंतीपासून काटकोनात बाहेर ओढलं की रंगावर सरळ खेच येते.
4. वेग सेकंदाला २ सेंटीमीटरपेक्षा कमी. या डिंकाला हळू ओढलं की कमी जोर लागतो, झटका दिला की जास्त. पट्ट्यामागे पाच-सहा मिनिटं लागू द्या.
5. जसजसे खाली याल तसतसा ड्रायर पुढे सरकवत राहा.

> इशारा: रंग उचलला जाताना दिसला की लगेच थांबा. त्या जागेच्या भोवती कागद कापा, तेवढा तुकडा ठेवून बाकीचा पट्टा काढा. मग तो तुकडा उलट बाजूने, गरम करून, चारही कडांकडून आत येत काढा. ओढत राहिलात तर नाण्याएवढा डाग ताटाएवढा होतो.

हुकाच्या पट्टीला मात्र उष्णता नको. हुक एका हाताने हलका धरा, शेपटी भिंतीला समांतर सरळ खाली हळूहळू ओढा. ती वीत-दीड वीत लांब ताणली जाते आणि मग सुटते. स्वतःकडे ओढली तर रंगाचा तुकडा घेऊन येते. शेपटी तुटली तर हुकामागून दोरा करवतीसारखा पुढे-मागे चालवून हुक सोडवा, उरलेली पट्टी बोटाने गुंडाळत काढा.

## टप्पा १०: डिंकाचे डाग आणि डागडुजी

इमल्शनच्या भिंतीवरचा डिंक आधी कोरड्या बोटाने गोळ्या करत काढा, मग कोमट साबणाच्या पाण्याने. भिंतीवर खोबरेल तेल, रॉकेल किंवा थिनर लावू नका. तेलाचा डाग नव्या रंगातूनही वर येतो आणि थिनर रंगच विरघळवतो. खोबरेल तेलाचा उपाय काच, टाइल आणि सनमायकापुरता: १० मिनिटं लावून ठेवा, पुसा, साबणाने धुवा.

रंगाची खपली निघालीच असेल तर आधी सैल झालेल्या कडा पत्र्याच्या पट्टीने काढून टाका. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासा, बोट फिरवलं की पायरी जाणवू नये. तयार मिळणारी अॅक्रिलिक लांबी पातळ दोन थरांत भरा, मध्ये ४ ते ६ तास जाऊ द्या. एकाच जाड थरात भरली तर ती सुकताना चिरते. पुन्हा घासा, प्रायमरचा एक हात द्या. प्रायमर टाळला तर त्या जागी रंग शोषला जाऊन मंद डाग कायम दिसतो.

रंगासाठी टप्पा १ मधला शेडचा नंबर घेऊन दुकानात जा. नंबर मिळाला नसेल तर नखाएवढी खपली न्या, मशीनवर जुळवून देतात. तरीही नुसत्या ठिगळाला रंग लावला तर तो उठून दिसेल, कारण भोवतीचा रंग उन्हाने आणि धुराने बदललेला असतो. कागदाखाली झाकलेला भाग तर आणखी वेगळा दिसतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला दोन हात द्या, कोपऱ्यात छटेतला फरक लपतो. भिंत सुकल्यावर, दिवसाच्या उजेडात, पहिल्या फोटोंच्याच कोनातून पुन्हा फोटो काढा आणि किल्ली देण्याआधी मालकांना पाठवा.